निखाऱ्याचा वाटा
खान्देशातील शिगडीच्या धंद्याचा हिशोब

मगरिबची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडतात, त्याच सुमारास जळगावच्या तांबापुऱ्यात, मेहरूणमध्ये किंवा धुळ्याच्या मौलवीगंजात शिगड्या पेटू लागतात. कोणी पंख्याने वारा घालत असतो, कोणी ओल्या हाताने सळईवर खिमा चढवत असतो. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धुराचा लोट उठतो आणि त्या वासाने रस्त्याने जाणारा माणूस थबकतो. या धंद्याला वेगळी जाहिरात लागत नाही. धूर हीच त्याची जाहिरात.

म्हणूनच की काय, नोकरी न मिळालेल्या, यंत्रमागाचे काम सुटलेल्या किंवा आखातातून परतलेल्या आपल्या तरुणांना हा धंदा सोपा वाटतो. एक शिगडी, दहा-वीस सळया, चार टेबले आणि कोळशाची गोणी, एवढ्यावर दुकान उभे राहते. अलीकडे त्यात नवी हौस आली आहे. मोबाइलवर परदेशी चित्रफिती पाहून "आपणही बार्बेक्यू काढू, धुरावर भाजलेल्या बरगड्या विकू" असे अनेकांच्या मनात येते. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या महामार्गांच्या मिलाफावर वसलेले शहर, जळगाव सुरत-नागपूर मार्गावर, आणि भुसावळचे रेल्वे जंक्शन हाकेच्या अंतरावर. तेव्हा गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंता फारशी नाही. चिंता वेगळीच आहे. गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना दुकान बंद का पडते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते. या धंद्यात मालकाच्या आधी निखारा आपला वाटा घेतो. तो वजनात घेतो, इंधनात घेतो, कारागिराच्या छातीतून घेतो आणि आता कायद्याच्या रूपानेही घेतो. हा वाटा ज्याने वहीत मांडला तो तरला. ज्याने मांडला नाही, त्याला नाव मिळाले पण पैसा मिळाला नाही.

भरिताने शिकवलेला धडा

धुरावर भाजून खाणे खान्देशाला नवीन नाही. आपल्याकडचा सर्वात प्रसिद्ध भाजलेला पदार्थ मांसाचा नाही, वांग्याचा आहे. जळगाव जिल्ह्यातील बामणोद, आसोदा या गावांची भरिताची वांगी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. हिरवट रंगाची, मोठी, कमी बियांची ही वांगी थंडीच्या दिवसांत कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी देतात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही ते मिळाले. २०१८ च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात एकाच भल्या मोठ्या कढईत सुमारे अडीच हजार किलो वांग्यांचे भरीत केले, तेव्हा ते पाहायला आणि चाखायला लोकांची झुंबड उडाली होती.

हंगामात जळगावात जागोजागी भरीत केंद्रे दिसतात. या केंद्रांकडून शिगडीवाल्याने एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. भरीतवाला तयार भरीत किलोवर विकतो. म्हणजे वांग्यातले पाणी जाळात उडाल्यावर, साल आणि देठ फेकल्यावर जे उरते, त्याचे तो वजन करतो आणि त्याचाच भाव ठरवतो. एक किलो वांग्याचे एक किलो भरीत होत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मांसाचा धंदा करणारे मात्र बहुधा उलट करतात. खाटकाकडून आणलेल्या कच्च्या मांसाचा भाव डोक्यात ठेवून ताटलीचा भाव ठरवतात आणि मधल्या जाळाचा विसर पडतो.

बरगडीचे शास्त्र

धुरावर भाजलेल्या बरगड्यांचे माहेर अमेरिका. तेथे या बरगड्या बहुधा डुकराच्या असतात, टेक्सासकडे गोमांसाच्याही असतात. आपल्याला त्यांच्याकडून पदार्थ घ्यायचा नाही, पद्धत समजून घ्यायची आहे. कॅन्सस सिटी या शहरात या धंद्याचा पाया घालणारे म्हणून हेन्री पेरी यांचे नाव घेतले जाते. हे कृष्णवर्णीय गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी एका गल्लीत गाडी लावून धुरावर भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मजुरांना विकत. धनिकांना नको असलेला, हाडाचा आणि चिवट भाग त्यांनी स्वस्तात घेतला आणि विस्तव व वेळ खर्चून त्याला किंमत आणून दिली. त्या धंद्याचे मर्म एवढेच.

बरगडीचे मांस चिवट का असते? जनावर श्वास घेताना हा भाग सतत हलत असतो, म्हणून त्यात तंतू आणि पडदे जास्त. मोठ्या आचेवर ते आखडतात आणि मांस रबरासारखे होते. मंद आचेवर बराच वेळ ठेवले तर तेच पडदे विरघळून मऊ, चिकट रस बनतात आणि मांस हाडापासून सुटते. म्हणून अमेरिकेतले कारागीर विस्तव एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवून झाकण लावतात. मांस ज्वाळेवर न शिजता गरम धुरात तासन् तास शिजते.

आपल्याकडे बकऱ्याची चांप असते. ती लहान आणि पातळ. ती सहा तास धुरात ठेवली तर वाळून लाकूड होईल. म्हणून आपल्या बावर्च्यांनी वेगळी वाट काढली. दही आणि कच्च्या पपईत मांस मुरवायचे, म्हणजे चिवटपणा आधीच कमी होतो. मग झाकून मंद आचेवर शिजवायचे आणि शेवटी निखाऱ्यावर रंग आणायचा. धुराचा वास हवा असेल तर धुंगार द्यायचा. पातेल्यात मधोमध वाटी, वाटीत पेटता निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि वर घट्ट झाकण. पाच मिनिटांत धूर मांसात उतरतो. परदेशातून महागडी पेटी मागवण्यापूर्वी आपल्या घरातली ही युक्ती आठवावी. आचेच्या हिशोबाने ती स्वस्त आहे आणि वजनही कमी घटते.

बकऱ्याला बरगड्या किती?

आता येथे हिशोबाची पहिली गाठ आहे. अमेरिकेत बरगडी हा स्वस्त भाग होता, म्हणून धंदा जमला. आपल्याकडे बकऱ्याचे मटण साधारण एकाच भावाने विकले जाते. रान, दस्त, सीना, गर्दन सगळे मिसळून तराजूत पडते. नुसती चांप मागितली तर खाटीक भाव वाढवतो, कारण उरलेला माल त्याला वेगळा खपवावा लागतो.

शिवाय बकऱ्याला बरगड्या असतात तेरा जोड्या, म्हणजे सव्वीस. एका ताटलीत चार बरगड्या दिल्या, तर एका बकऱ्यातून जेमतेम सहा ताटल्या निघतात. संध्याकाळी पन्नास ताटल्या विकायच्या तर दोनशे बरगड्या हव्यात, म्हणजे रोज आठ बकरे. या आठ बकऱ्यांच्या राना, दस्त आणि गर्दनींचे काय करणार? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याने नुसत्या बरगड्यांचे दुकान काढू नये.

उत्तर मात्र आहे, आणि ते आपल्या जुन्या भटारखान्यातच आहे. गर्दन आणि दस्तचा खिमा सीख कबाबात जातो. रानाची बोटी होते, शुक्रवारी बिर्याणी होते. हाडांची यखनी होते, पायांचा पाया होतो. चांप हे दुकानाचे नाव असू शकते, दुकानाचे पोट मात्र खिम्यावर भरते. हे ज्याने ओळखले त्याचा बकरा वाया जात नाही. तेवढी विक्री नसेल तर दोन-तीन दुकानदारांनी मिळून खाटकाशी व्यवहार करावा. एकाने चांप घ्यावी, दुसऱ्याने खिमा, तिसऱ्याने बिर्याणीचा माल.

ताटलीचा हिशोब

दुसरी गाठ वजनाची. उदाहरणादाखल काही आकडे धरू. भाव गावागणिक आणि दिवसागणिक बदलतात, वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून पाहावे.

समजा चांप किलोला ८०० रुपये. दही, मसाला, तेल ८० रुपये. किलोमागे कोळसा ६० रुपये. एकूण ९४० रुपये. दुकानदार १६० ग्रॅमची ताटली ठरवतो आणि मनात म्हणतो, किलोत सहा ताटल्या. म्हणजे ताटलीला सुमारे १५७ रुपये. रोटी, कांदा, चटणीचे १५ आणि भाडे, मजुरी, विजेचे ७० धरून २४२ रुपये. तो भाव ठेवतो २८० आणि ताटलीमागे ३८ रुपये सुटतील असे समजतो.

प्रत्यक्षात काय होते? साफसफाईत थोडे जाते, बाकीचे निखारा घेतो. पाणी उडते, चरबी गळते. एक किलोचे साधारण ६५० ग्रॅम हातात येते. त्यातून १६० ग्रॅमच्या चारच ताटल्या निघतात. आता ताटलीला मालच २३५ रुपयांचा झाला. वरचे ८५ धरून ३२० रुपये. विक्री २८०. म्हणजे ताटलीमागे ४० रुपये तोटा. रोज पन्नास ताटल्या खपल्या तर रोज दोन हजार रुपये गेले. गर्दी जितकी जास्त तितका तोटा जास्त!

अशा वेळी दुकानदार दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ताटलीतले मांस हळूच कमी करतो. गिऱ्हाइकाच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात येते आणि तो बोलत नाही, फक्त येणे बंद करतो. नाही तर कोंबडीच्या नफ्यातून बकऱ्याचा तोटा भरत राहतो आणि महिनाअखेर "एवढी विक्री होऊनही हातात काही का उरत नाही" म्हणून नशिबाला बोल लावतो. नशिबाचा यात काही दोष नाही, दोष तराजूचा आहे. भाजण्यापूर्वी एकदा आणि भाजल्यानंतर एकदा, असे सलग पंधरा दिवस वजन करून वहीत लिहिले तर आपल्या शिगडीचा वाटा किती हे अचूक कळते. आच मंद ठेवणे, मांस झाकणे आणि वेळेवर उतरवणे यांनी हा वाटा कमी करता येतो. चांगला कारागीर महाग का, आणि तरीही तो स्वस्त का पडतो, हे या वहीतूनच उमगते.

एका जागी टिकून राहिलेली शिगडी

शिगडीच्या धंद्यातून नाव कसे होते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबईच्या कुलाब्यात आहे. १९४६ साली मुहम्मद यासीन नावाच्या कोवळ्या वयाच्या मुलाने ताजमहाल हॉटेलच्या मागच्या रस्त्यावर सीख कबाबाची शिगडी मांडली. सुरुवातीचे भांडवल त्यांच्या गुरूंनी दिलेले वीस रुपये, असे सांगितले जाते. पुढे हेच गृहस्थ 'बडे मियां' म्हणून ओळखले गेले आणि तेच दुकानाचे नाव झाले. रात्री उशिरापर्यंत शिगडी चालू, रस्त्यावरच खाणे, मोटारीच्या टपावर ताटल्या. चित्रपटातले लोक, खलाशी, विद्यार्थी, परदेशी पाहुणे सगळे एकाच रांगेत. दशकानुदशके तीच जागा, तीच वेळ, तेच मोजके पदार्थ. यातून नाव झाले.

पण याच उदाहरणाचा दुसरा भागही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने आवश्यक परवाना नसल्याचे कारण देऊन या दुकानाला काम थांबवण्यास सांगितले, अशी बातमी सर्वत्र झळकली. पाऊणशे वर्षांचे नाव एका कागदावर अडले. ज्याचे नाव देशभर आहे त्याला जो नियम लागू, तोच तांबापुऱ्यातल्या हातगाडीलाही लागू. मोठ्याला वकील मिळतो, माध्यमे मिळतात. छोट्याचे दुकान मात्र पंधरा दिवस बंद राहिले तर कारागीर दुसरीकडे निघून जातो आणि गिऱ्हाइकाला नवी वाट सापडते.

याच्या अगदी उलट टोकाला मोठ्या कंपन्या आहेत. २००६ साली सुरू झालेल्या 'बार्बेक्यू नेशन'ने टेबलाच्या मधोमध शिगडी बसवली आणि ठरावीक पैशांत हवे तितके खा, अशी रीत लोकप्रिय केली. २०२१ मध्ये या कंपनीचे समभाग बाजारात आले. आपल्या काही तरुणांना ही रीत खुणावते. पण हवे तितके खा हा हिशोब शेकडो गिऱ्हाईके आणि घाऊक खरेदी यांवर चालतो. वीस खुर्च्यांच्या दुकानात चार पैलवान आले की त्या दिवसाची कमाई संपली. छोट्या दुकानदाराने मोजून द्यावे, चांगले द्यावे.

माल कोठून येतो?

तिसरी गाठ मालाच्या पुरवठ्याची. लखनौच्या 'टुंडे कबाबी' या हाजी मुराद अली यांनी सुरू केलेल्या दुकानाची परंपरा १९०५ पासूनची. मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात बेकायदा कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा म्हशीच्या मांसाचा पुरवठा आटला आणि या दुकानाला कोंबडी व बकऱ्याच्या मांसावर वेळ मारून न्यावी लागली. शंभर वर्षांचे नाव, पण माल नाही तर कबाब नाही.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हैसवर्गीय जनावरे या बंदीत नाहीत, पण कत्तलीसाठी प्रमाणपत्र लागते. या बदलाने स्वस्त सीख कबाब विकणाऱ्यांचा हिशोब मुळापासून बदलला. कोणी म्हशीकडे वळले, बरेच जण कोंबडीकडे. या व्यवहारात शंकेला जागा ठेवणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणे. मांस नगरपालिकेच्या मान्यताप्राप्त कत्तलखान्यातूनच यावे, खाटकाकडून रोजचे बिल घ्यावे, ते तारखेनुसार लावून ठेवावे आणि दुकानाच्या फलकावर मांस कोणते हे स्पष्ट लिहावे. आपले गिऱ्हाईक हलालची खात्री मागते, दुसरे गिऱ्हाईक कशाचे मांस आहे याची खात्री मागते. दोघांचाही हक्क आहे आणि दोघांनाही एकाच कागदाने उत्तर देता येते.

शाकाहारी गिऱ्हाइकाचाही विचार व्हावा. एकाच कुटुंबात दोन्ही प्रकारचे खाणारे असतात. पनीर, कणीस, बटाटा आणि हंगामात भरीत यांसाठी वेगळी शिगडी, वेगळ्या सळया आणि वेगळा माणूस ठेवला तर अख्खे कुटुंब दुकानात येते. नुसता वेगळा चिमटा पुरत नाही. वेगळेपणा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसला पाहिजे.

धुराचा प्रश्न

जो धूर गिऱ्हाईक आणतो, तोच तक्रारही आणतो. केंद्र सरकारने २०१९ साली शुद्ध हवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात हवेची पातळी न गाठणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत जळगावचे नाव आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूर भट्ट्या वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा पाठवल्या. तो आदेश मुंबईपुरता आहे. पण मुंबईत आज जे होते ते इतर शहरांत उद्या होऊ शकते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

म्हणून आतापासून दोन गोष्टी कराव्या. एक, उंच धुराडे आणि चरबी अडवणारी जाळी बसवावी. शेजाऱ्याच्या खिडकीत धूर गेला नाही तर तक्रार होत नाही. दोन, मुख्य शिजवण गॅसवर करून कोळसा फक्त शेवटच्या रंगासाठी आणि धुंगारासाठी वापरण्याची सवय लावावी. चव जवळजवळ तीच राहते आणि कोळशाची गोणी दुप्पट दिवस पुरते.

कारागिराची आठवण येथेच करून द्यायला हवी. रोज पाच-सहा तास धुरात उभे राहणाऱ्या माणसाचे डोळे आणि फुप्फुसे झिजतात. कोंदट खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो. शटर ओढून आत शिगडी धगधगत ठेवणे आणि त्याच खोलीत मुलांना झोपवणे, ही आपल्याकडची सवय ताबडतोब थांबली पाहिजे. चरबी थेट निखाऱ्यावर गळून उठणारा काळा धूर खाणाऱ्यालाही चांगला नाही. जादा चरबी आधी काढावी आणि करपलेला भाग ताटलीत देऊ नये.

कागदपत्रे

कागदांची भीती बाळगण्याचे कारण नाही. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, अंमल ऑगस्ट २०११ पासून. त्या नियमांत लहान विक्रेत्यांसाठी साधी नोंदणी ठेवण्यात आली, फी वर्षाला शंभर रुपये. मोठ्या उलाढालीला परवाना लागतो. उलाढालीच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे. २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणेही बंधनकारक झाले. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणी नव्हे, नुसती सूचना पुरते. हातगाडी असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेच्या सर्वेक्षणात नाव घालून ओळखपत्र घ्यावे. या ओळखपत्राने गाडी उचलून नेण्याची भीती कमी होते. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी सुरू झालेल्या सरकारी कर्जयोजनेत पहिला हप्ता दहा हजारांचा होता. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी नात्यातल्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसाशी लेखी भागीदारी करावी. मात्र नफ्याचा वाटा जसा ठरवाल, तसा तोट्याचाही आधीच ठरवावा आणि कागदावर उतरवावा.

वर्षाचे गणित

शेवटची गाठ हंगामाची. रमजानमध्ये इफ्तारपासून सहेरीपर्यंत शिगडीला उसंत नसते. ती विक्री पाहून अनेक जण कायमचे दुकान भाड्याने घेतात आणि ईदनंतर हिरमुसतात. बकरी ईदच्या दिवसांत घरोघरी मांस असते, तेव्हा विकत घेणारा कमी होतो. त्या आठवड्यात लोकांनी आणलेले मांस मजुरीवर भाजून देण्याचे काम मात्र घेता येते, त्यात मालाचा धोका नाही. श्रावणात आपले हिंदू गिऱ्हाईक निम्म्यावर येते. मे महिन्यात खान्देशचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की शिगडीजवळ ना कारागीर उभा राहतो ना गिऱ्हाईक. थंडीचे चार महिने मात्र सोन्याचे. म्हणून भाड्याचा करार करताना रमजानची विक्री धरू नये, श्रावणाची धरावी. जे दुकान श्रावणात भाडे भरू शकते तेच वर्षभर चालते.

तेव्हा या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाने आधी दुकान घेऊ नये. आधी एका चांगल्या कारागिराच्या हाताखाली सहा महिने शिगडी सांभाळावी. नंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी, फक्त शुक्रवार आणि रविवार, एकच पदार्थ घेऊन उभे राहावे. एक तराजू आणि एक वही जवळ ठेवावी. कच्चे किती, भाजलेले किती, कोळसा किती, उरले किती, हे रोज लिहावे. तीन महिन्यांनी ती वही स्वतःच सांगेल की दुकान काढावे की नाही.

धुराचा वास गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणतो. तेथून पुढे दुकान चालवण्याचे काम वहीचे. निखाऱ्याचा वाटा त्याला आधी मोजून द्यावा, मग जे उरेल ते आपले. ते थोडे असेल, पण खात्रीचे असेल.